वाचक विचारतात : हवेचा दाब आणि वैमानिक

मे संपत आला की अरबी समुद्रातल्या 'कमी दाबाच्या पट्ट्या'ची बातमी येते आणि पाठोपाठ गोव्यातल्या डाबोळी-मोपा विमानतळांवर विमानं उशिरा उतरल्याची. या दोन बातम्यांचा एकमेकींशी संबंध काय, असं विचारणारी पत्रं या वेळी बरीच आली. त्यांतली निवडक पत्रं इथे घेतली आहेत. उत्तरं हवामानशास्त्र आणि विमानचालन या दोन्ही विषयांतल्या जाणकारांनी दिली आहेत.

"'गोव्याच्या किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा' एवढंच बातम्यांत सांगतात. दाब कमी झाला म्हणून विमानाला नेमका त्रास कशाचा?" – एक शिक्षिका, म्हापसा

त्रास होतो तो कमी दाबाकडे धावणाऱ्या हवेचा. नुसता दाब चार-सहा हेक्टोपास्कलनी (हे दाबाचं एकक) उतरला तर विमानाच्या पंखांना ते जाणवतही नाही. पण त्या जागेकडे चहूबाजूंनी हवा ओढली जाते, मध्यभागी तिला वर जाण्यावाचून वाट राहत नाही, वर जाताना ती थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे ढग होतात. समुद्रावरची हवा मुळातच दमट, त्यामुळे ढगांना माल कमी पडत नाही. जास्त दाबाच्या प्रदेशात याच्या उलट घडतं. हवा वरून खाली बसत जाते, बसताना तापते, ढग विरतात. शाळेच्या पुस्तकातले आवर्त आणि प्रत्यावर्त ते हेच.

वैमानिक नकाशावर आधी आकडा बघत नाही, समदाब रेषा किती दाटीवाटीने आहेत ते बघतो. रेषा जवळजवळ म्हणजे थोड्या अंतरात दाबाचा मोठा फरक, म्हणजे जोराचा वारा. पावसाळ्यात दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर असा जो पट्टा तयार होतो, त्याच्या केंद्रात दाब फार खाली गेलेला नसतो. तरी किनारपट्टीवर उत्तर-दक्षिण दाबाचा उतार वाढला की गोव्यावर पश्चिमेचा वारा आणि पाऊस दोन्ही चढतात. हा उतार टिकवण्यात दूरच्या दोन ठिकाणांचा मोठा हात असतो. एक, दक्षिण हिंदी महासागरातला मास्करीन बेटांजवळचा जास्त दाब. दुसरा, थर-पाकिस्तानच्या तापलेल्या जमिनीवरचा कमी दाब.

केंद्र कुठे आहे हे ओळखायला १८५७ साली डच शास्त्रज्ञ बाइज बॅलट यांनी मांडलेला नियम आजही पुरतो. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला. हा नियम डाबोळीच्या धावपट्टीवर लावून बघू. ती पूर्व-पश्चिम आहे, तिची टोकं ०८ (पूर्वेकडे तोंड करून उतरायचं) आणि २६ (पश्चिमेकडे तोंड करून). विमान वाऱ्याला सामोरं जात उतरवतात. वादळाचं केंद्र गोव्याच्या दक्षिणेला असताना वारा पूर्वेचा असतो, म्हणजे विमानं समुद्राकडून येऊन ०८ वर उतरतील. केंद्र किनाऱ्याला समांतर सरकत बरोबर पश्चिमेला आलं की वारा दक्षिणेचा होतो, म्हणजे धावपट्टीला पूर्ण आडवा. केंद्र वायव्येला गेलं की वारा नैर्ऋत्येचा आणि २६ सोयीची. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ गोव्याच्या पश्चिमेकडून उत्तरेला सरकलं आणि १७ च्या रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चढलं. अशा वाटेने जाणारं वादळ काही तासांत धावपट्टीची दिशा बदलायला लावतं, आणि मधला आडव्या वाऱ्याचा वेळ सगळ्यांत वाईट. आडव्या वाऱ्याची मर्यादा कोरड्या धावपट्टीवर जेवढी असते, तेवढी पाणी साचलेल्या धावपट्टीवर नसते, हे बातमीत कधी सांगत नाहीत.

नावांचंही सांगून टाकू. हवामान खात्याच्या भाषेत वारा १७ ते २७ नॉट (ताशी सागरी मैल) असला की 'डिप्रेशन', २८ ते ३३ असला की 'डीप डिप्रेशन', आणि ३४ च्या पुढे गेला की 'चक्रीवादळ'. त्याखालचं सगळं नुसतं 'कमी दाबाचं क्षेत्र'. पण या वर्गवारीवरून उड्डाण ठरत नाही. ढगाचा तळ दोनशे फुटांवर आला तर साधं कमी दाबाचं क्षेत्रही विमान परत पाठवायला पुरेसं आहे. मोपाला तर हे अधिक लागू. ते विमानतळ पेडण्याच्या सड्यावर आहे आणि ढगाचा तळ विमानतळाच्या जमिनीपासून मोजतात. समुद्रावरून आठशे फुटांवर सरकणारा ढग पाचशे फूट उंचीच्या सड्यावर पोचला की तिथल्या माणसाला तो तीनशे फुटांवरच दिसणार.

"वैमानिक उतरण्याआधी 'क्यूएनएच' विचारतो तो कशासाठी? तो चुकला तर काय होतं?" – बारावीचा विद्यार्थी, फोंडा

अल्टिमीटर नावाच्या यंत्रात उंची मोजणारं काहीच नसतं. आत पातळ धातूच्या पोकळ चकत्या असतात, त्यांतली हवा काढून घेतलेली असते. बाहेरचा दाब कमी झाला की चकत्या फुगतात, वाढला की दबतात, आणि ती हालचाल काट्यापर्यंत पोचते. म्हणजे हा एक निर्द्रव वायुभारमापकच, फक्त तबकडीवर दाबाऐवजी फूट छापलेले. समुद्रसपाटीजवळ एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण २७-२८ फूट. तोंडी हिशोबाला ३० धरतात.

आता अडचण अशी की समुद्रसपाटीवरचा दाब रोज वेगळा. म्हणून तबकडीवर एक छोटी खिडकी आणि बाजूला एक खुंटी असते. पॉल कोल्समन यांनी १९२८ मध्ये ही सोय असलेलं अचूक यंत्र बनवलं. पुढच्याच वर्षी २४ सप्टेंबरला जिमी डूलिटल यांनी बाहेरचं काही न दिसता, नुसत्या यंत्रांवर उड्डाण करून दाखवलं, तेव्हा विमानात हेच यंत्र होतं. खिडकीत स्थानिक क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला उतरवलेला तिथला दाब, लावला की काटा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. डाबोळीला उभ्या विमानात तो सुमारे १८५ फूट दाखवायला हवा. क्यूएफई, म्हणजे विमानतळाच्या जमिनीवरचाच दाब, लावला तर त्याच जागी शून्य. ही अक्षरं कशाची आद्याक्षरं नाहीत, जुन्या तारायंत्राच्या सांकेतिक भाषेतली आहेत. तेव्हा पाठांतरासाठी बनवलेली त्यांची लांबलचक रूपं फार मनावर घेऊ नका.

कामाचा क्रम असा. जमिनीवर क्यूएनएच लावायचा आणि काटा विमानतळाच्या उंचीशी जुळतो का ते बघायचं. ७५ फुटांहून अधिक फरक असेल तर यंत्रावर विश्वास ठेवायचा नाही. वर चढताना त्या विमानतळाची ठरलेली संक्रमण उंची ओलांडली की सगळ्यांनी १०१३ हा प्रमाण दाब लावायचा. मग वरची सगळी विमानं एकाच पट्टीने मोजतात, खरी उंची कितीही असो. एकमेकांमधलं अंतर राखणं तिथे महत्त्वाचं. उतरताना परत स्थानिक क्यूएनएच. नियंत्रकाने सांगितलेला आकडा वैमानिक मोठ्याने परत म्हणतो, दोन्ही वैमानिक तो आपापल्या यंत्रात लावतात, तिसऱ्या राखीव यंत्रातही लावतात, आणि तिन्ही काटे जुळतात का बघतात. विमानतळाचा हवामान अहवाल, म्हणजे मेटार, हाच आकडा छापतो तेव्हा अपूर्णांक खालच्या बाजूला सोडून देतो. १००६.८ असेल तरी १००६ च. त्यामुळे काटा खऱ्यापेक्षा किंचित कमी उंची दाखवतो, आणि चूक सुरक्षित बाजूला पडते.

चुकतं कुठे? सगळ्यांत नेहमीची चूक म्हणजे उतरताना १०१३ बदलायचं राहून जाणं. पावसाळ्यात क्यूएनएच १००३ असेल तर दहाचा फरक, म्हणजे यंत्र सुमारे २८० फूट जास्त दाखवणार आणि विमान तेवढं खाली असणार. दुसरी चूक ऐकण्याची. २३ मे २०२२ ला पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर नियंत्रकाने १००१ ऐवजी १०११ सांगितलं. एअरबस ए-३२० च्या वैमानिकांनी तेच परत म्हटलं, तेच लावलं. पावसात धावपट्टी दिसत नव्हती. धावपट्टीच्या दीडेक किलोमीटर अलीकडे ते विमान जमिनीपासून अवघ्या सहा फुटांवर आलं होतं. धावपट्टी न दिसल्याने वैमानिकांनी आधीच विमान वर उचलायला घेतलं होतं, म्हणून वाचलं. बघा, परत म्हणून दाखवण्याची पद्धत इथे काही कामाला आली नाही, कारण मूळ आकडाच चुकीचा होता. उपाय आहे, आणि फुकटचा आहे. आधी घेतलेल्या मेटारशी नियंत्रकाचा आकडा ताडून बघायचा. अर्ध्या तासात दाब दहाने बदलत नाही.

त्या विमानाच्या उतरण्याचा मार्ग दाबावर चालणाऱ्या उंचीवरून आखलेला होता. आयएलएस या रेडिओ-संकेतांवर विमान उतरवण्याच्या यंत्रणेचा उताराचा संकेत जमिनीवरच्या अँटेनातून येतो, त्याला दाबाशी देणंघेणं नसतं. तिथे मार्ग चुकत नाही. पण 'इथपर्यंत धावपट्टी दिसली नाही तर परत फिर' ही उंची मात्र तिथेही बहुतेक वेळा अल्टिमीटरवरच वाचली जाते.

तिसरी चूक एककाची. अमेरिकेत दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात, २९.९२ म्हणजे आपला १०१३. तिकडची सवय असलेल्याने 'नऊ नऊ दोन' ऐकून ९९२ हेक्टोपास्कलऐवजी २९.९२ इंच लावले तर जवळजवळ सहाशे फुटांचा घोटाळा.

चौथी बाब यंत्राच्या बाहेरची. बाहेरचा दाब आत आणणारी भोकं विमानाच्या अंगावर असतात. १९९६ मध्ये पेरूत एक बोइंग ७५७ धुताना या भोकांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली. रात्रीच्या अंधारात उंची आणि वेग दोन्ही खोटे दिसत राहिले, विमान समुद्रात कोसळलं आणि सगळे ७० जण गेले. आपल्याकडे पावसाळ्यात आठवडाभर उभ्या असलेल्या छोट्या विमानात पाणी किंवा कुंभारमाशीची माती, दोन्ही मिळू शकतं. आवरणं लावायची, आणि निघण्यापूर्वी ती काढली का हे हात लावून बघायचं. लांबून आवरणाचं लाल फडकं दिसलं नाही, एवढ्यावर समाधान मानायचं नाही.

एक युक्ती वहीत लिहून ठेवा. उडताना वारा डावीकडून येऊन विमान उजवीकडे सरकत असेल तर उत्तर गोलार्धात तुम्ही कमी दाबाकडे चालला आहात. बाइज बॅलटचाच नियम, फक्त विमानातून. मुंबईहून दक्षिणेला येताना पूर्वेचा वारा लागला, तर पुढे कुठेतरी कमी दाब वाट बघतो आहे आणि मुंबईचा क्यूएनएच तसाच ठेवला तर यंत्र फुगवून सांगणार. मुंबईला १०१०, गोव्याला १००२, तर सव्वादोनशे फूट.

उष्णतेने मात्र आपल्याला थोडी सूट दिली आहे. हवा प्रमाणापेक्षा दहा अंशांनी गरम असेल तर खरी उंची दाखवलेल्यापेक्षा सुमारे चार टक्क्यांनी जास्त असते. त्यामुळे सह्याद्रीवरून येणारं विमान गोव्यात बहुधा काट्यापेक्षा थोडं वरच असतं. थंड प्रदेशात नेमकं उलटं होतं आणि डोंगर जवळ येतात.

"जास्त दाब म्हणजे चांगली हवा, तर मग जानेवारीत आकाश निरभ्र असूनही सकाळची विमानं का लटकतात?" – वास्को

'चांगली' हा शब्द जमिनीवरून वर बघणाऱ्याचा. जास्त दाबात खाली बसणारी हवा तापते आणि वर एक उबदार थर झाकणासारखा बसतो. त्याखाली रात्री जमीन थंड होते, वारा पडलेला असतो, मांडवी-झुवारीच्या काठांवर आणि खाजनांत ओल भरपूर. त्यामुळे पहाटे धुकं, आणि धूर-धूळ झाकणाखाली कोंडली गेल्याने धुरकं. वरून बघणाऱ्याला नदी, पूल, घरं सरळ खाली स्पष्ट दिसतात, पण उतरताना नजर तिरकी जाते, त्या थराची जाडी लांबून भेदावी लागते आणि धावपट्टी नाहीशी होते. नवे वैमानिक इथेच फसतात. सूर्य वर आला, पूर्वेचे मतलई वारे थांबले आणि खारे वारे सुरू झाले की हे झाकण मोडतं. शिवाय उत्तर भारतातल्या जास्त दाबाने दिल्लीत धुकं पडलं की तिथून यायचं विमानच निघालेलं नसतं. त्याचा दोष गोव्याच्या हवेला देण्यात अर्थ नाही.

"मे महिन्याच्या दुपारी विमान 'जड' होतं असं ऐकलं. खरं का?" – पेडणे

विमान तेवढंच असतं, हवा विरळ होते. डाबोळीसाठी हिशोब करून बघा. क्यूएनएच १००७, म्हणजे प्रमाणापेक्षा ६ कमी. ६ गुणिले ३० म्हणजे १८०, त्यात विमानतळाचे १८५, झाली ३६५ फूट दाब-उंची. त्या उंचीवर प्रमाण तापमान १४ अंशांच्या आसपास. बाहेर ३४ असेल तर फरक २०. दर अंशाला १२० फूट, म्हणजे आणखी २,४००. एकूण पावणेतीन हजार फूट. वर दमटपणाचे चारेकशे फूट वेगळे, कारण पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. समुद्रकाठी उभं असलेलं विमान अशा दुपारी तीन हजार फुटांवरच्या डोंगरी विमानतळावर असल्यासारखं वागतं. धाव लांबते, चढण मंद होते, इंजिनाचा जोर घटतो. यात दाबाचा वाटा १८० फूट आणि उष्णतेचा २,४००, हे लक्षात घ्या. दोष उगाच कमी दाबाच्या माथी मारला जातो. तीन-साडेतीन किलोमीटरच्या धावपट्टीवर प्रवासी विमानाला हे सहसा पेलतं. प्रश्न येतो तो छोट्या धावपट्टीवर, चार जागांच्या विमानात, टाकी भरून आणि सामानासकट.

"विमानात वेफरचं पाकीट फुगतं ते बाहेरच्या कमी दाबामुळेच ना?" – कुडचडे, इयत्ता आठवी

आतल्या. केबिनमधली हवा साधारण आठ हजार फुटांवरच्या दाबापर्यंतच उतरू देतात, सुमारे ७५० हेक्टोपास्कल. पाकीट जमिनीवर बंद केलेलं, म्हणून फुगतं. उतरताना कान दुखतात तेव्हा गिळायचं किंवा जांभई द्यायची.

"ऑक्टोबरच्या गडगडाटी पावसात विमान दोन घिरट्या घालून मग उतरतं. पाऊस तर दहा मिनिटांचा असतो!" – डिचोली

ती दहा मिनिटंच टाळायची असतात. गडगडाटी ढग येताना दाब आधी झपाट्याने उतरतो. मग ढगातून थंड हवा धाडकन खाली येते आणि पहिल्या झंझावातासोबत दाब एकदम वर चढतो. ढग पुढे गेला की पुन्हा जागेवर. हा सगळा खेळ अर्ध्या तासात आटोपू शकतो. क्यूएनएच चढलेला असताना घेतला आणि दाब खाली आल्यावर उतरलं, तर तीन-चार हेक्टोपास्कल म्हणजे शंभर फूट यंत्र जास्त दाखवणार.

पण खरी भीती वाऱ्याची. खाली आपटलेली हवा सगळ्या दिशांना पसरते. उतरणाऱ्या विमानाला आधी समोरून वारा लागतो, वेग वाढल्यासारखा दिसतो, वैमानिक जोर कमी करतो. लगेच मध्यभागी वरून खाली दाबणारी हवा, आणि पलीकडे पाठीमागून वारा. अर्ध्या मिनिटात वेग आणि उंची दोन्ही जातात. वैमानिकाने सुरुवातीचा फुकटचा वेग बघूनच संशय घ्यायला हवा. त्यातून धावपट्टीवर पाणी असेल तर चाकं पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग टायरच्या दाबावरून काढतात : दर चौरस इंचाला पौंडांतल्या दाबाचं वर्गमूळ, गुणिले नऊ. २०० पौंडांच्या टायरला १२७ नॉट. प्रवासी विमानं साधारण याच्या आसपासच्या किंवा वरच्या वेगाने टेकतात. म्हणून घिरट्या बऱ्या. त्यांचं इंधन निघतानाच टाकीत घेतलेलं असतं.

"माझ्या मोबाइलमध्ये दाब दिसतो, पण तो विमानतळाच्या आकड्याशी कधीच जुळत नाही. यंत्र बिघडलंय का?" – मडगाव

बहुधा नाही. मोबाइल तुमच्या उंचीवरचा दाब दाखवतो, विमानतळ तो समुद्रसपाटीला उतरवून सांगतो. दर ८.३ मीटरला एक हेक्टोपास्कल मिळवा. इमारत, मजला आणि जमीन धरून तुम्ही ४२ मीटरवर असाल तर पाच. त्याउपर कायमचा एखादा हेक्टोपास्कल फरक उरला तर तो यंत्राचा स्वभाव, तेवढा दर वेळी वजा करायचा.

मात्र दुपारी आकडा उतरलेला बघून वादळ येतंय असं शेजाऱ्यांना सांगू नका. आपल्या पट्ट्यात दाब रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, दुपारी आणि पहाटे चारच्या सुमारास कमी. सूर्याच्या उष्णतेने सगळ्या वातावरणात उठणारी ही लाट सकाळच्या दहापासून दुपारच्या चारपर्यंत तीनेक हेक्टोपास्कल सहज खाली आणते, स्वच्छ हवेतसुद्धा. म्हणून हवामानवाले आजच्या दहाची तुलना कालच्या दहाशी करतात. तुम्हीही तसंच करा. वहीत रोज एकाच वेळी आकडा, वाऱ्याची दिशा आणि ढग लिहा. चोवीस तासांत दोनाने उतरला, वारा पूर्वेकडून यायला लागला आणि समुद्राकडे मळभ दिसलं, तर दक्षिणेला काहीतरी शिजतंय. तेव्हा रात्रीचं विमान पकडायला निघण्यापूर्वी विमान कंपनीचा संदेश एकदा बघून घ्या.